पहिला क्रमांक कोणी दिला?

बुधवारची रात्र, आठाचा सुमार, आणि रेडिओ सिलोनची मधूनच खरखरणारी लहर. १९५२ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाले'ने आमच्या पिढीला एक नवी सवय लावली. गाणे नुसते ऐकून आमचे समाधान होईना. ते या आठवड्यात कितव्या पायरीवर आहे हेही कळावे असे वाटू लागले. आरंभी काही काळ ती गाणी क्रमाने लावलेली नसत. पण पायऱ्या लौकरच आल्या आणि त्याच कार्यक्रमाचा प्राण बनल्या. अमीन सयानी यांचा आवाज मुंबईत मुद्रित होऊन कोलंबोला जाई आणि तेथून पुन्हा आमच्या घरांत येई. नभोवाणी खात्याचे त्या वेळचे मराठी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांना आकाशवाणीवर चित्रपटगीतांची गर्दी नको होती. तेव्हा श्रोत्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळविला. आपले आवडते गाणे एक पायरी चढले की घरात आनंद, उतरले की वादावादी.

त्या वादावादीत एक प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारी. ही पायरी ठरविली कोणी आणि कशावरून? दुकानांतील तबकड्यांचा खप आणि श्रोतृसंघांचे कौल यांवरून क्रम लागतो, असे आम्हांला सांगण्यात येई, आणि आम्ही ते मान्य करीत असू. आज गाणे तबकडीतून निघून मोबाईलमध्ये आले आहे, आणि अमुक गाणे जगात पहिले आले ही बातमी दर आठवड्याला आपल्या कानांवर आदळते. म्हणून तो जुना प्रश्न आता थोडा नेटाने विचारावा असे आम्हांला वाटते.

त्यासाठी आम्ही अमेरिका आणि इंग्लंड या दोन देशांतील क्रमवाऱ्या समोर ठेवणार आहोत. कारण असे की, तेथे मोजणीचे नियम जाहीर होतात, ते केव्हा बदलले हे तारखेनिशी सांगता येते, आणि नियम बदलताच निकाल कसा बदलला तेही पाहता येते. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: लोकांना गाणे आवडले म्हणजे ते अनेक गोष्टी करतात. विकत घेतात, गुणगुणतात, पुन्हा पुन्हा ऐकतात, मुलांना शिकवितात. यांपैकी जी कृती मोजता येते तिचाच हिशेब क्रमवारीत उतरतो. तेव्हा कोणती कृती मोजावयाची हे जो ठरवितो, तो निकालाचाही वाटेकरी असतो.

दुकानदाराची यादी

अमेरिकेतील 'बिलबोर्ड' हे नियतकालिक १८९४ साली सिनसिनाटी शहरात निघाले, ते संगीतासाठी नव्हे. भिंतींवर जाहिराती चिकटविण्याचा ज्यांचा धंदा, त्यांच्यासाठी ते निघाले होते. नावाचा अर्थच मुळी जाहिरातीचा फलक. पुढे जत्रा, सर्कशी, नाटकगृहे आणि नाणे टाकले की गाणे वाजविणाऱ्या ज्यूकबॉक्सच्या पेट्या यांच्या मागोमाग ते संगीताच्या धंद्यात शिरले. देशभरच्या दुकानांतील खपावरून केलेली ध्वनिमुद्रिकांची पहिली यादी त्याने २७ जुलै १९४० च्या अंकात छापली. पहिल्या जागी टॉमी डॉर्सी यांच्या वाद्यवृंदाची तबकडी होती, आणि तीत गाणारा तरुण गायक होता फ्रँक सिनात्रा.

ही यादी कोणासाठी होती? दुकानदारासाठी. कोणत्या तबकड्या मागवाव्यात आणि कोणत्या मागविल्यास अंगावर पडतील, हे त्याला आधी कळावयास हवे. आडत्या जसा बाजारभाव पाहतो, तसा तो ही यादी पाही. पण यादी रसिकांच्या हाती पडली तेव्हा तिचे रूप पालटले. जे वर आहे ते दुकानाच्या दर्शनी भागात मांडले जाऊ लागले. दर्शनी भागात आहे म्हणून अधिक खपू लागले. आणि अधिक खपले म्हणून पुढच्या आठवड्यात आणखी वर गेले. खपाची नोंद ठेवावयास निघालेली यादी खप घडवूही लागली.

इंग्लंडात हेच काम 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या साप्ताहिकाने १४ नोव्हेंबर १९५२ पासून हाती घेतले. म्हणजे इंग्लंडची यादी आणि आपली गीतमाला ही एकाच हिवाळ्यातील भावंडे होत. तेथील पद्धत फार साधी होती. पर्सी डिकिन्स नावाच्या गृहस्थांनी विसेक दुकानांना फोन केले, काय खपते ते विचारले आणि बेरीज केली. पहिल्या यादीत क्रमांक होते बारा आणि तबकड्या निघाल्या पंधरा, कारण काहींचे गुण सारखे झाले! पहिल्या जागी अल मार्टिनो हा गायक आला.

या पद्धतीत लबाडी नव्हती, पण तिच्या मर्यादा उघड आहेत. वीस दुकाने कोणती? मोठ्या शहरातील की खेड्यातील? गोऱ्यांच्या वस्तीतील की काळ्यांच्या? शिवाय सारा भरवसा दुकानदाराच्या शब्दावर. ज्या तबकड्या त्याने हौसेने जास्त मागविल्या आणि ज्या कपाटातून हलेनात, त्यांचेच नाव 'चांगली चालली आहे' म्हणून सांगण्याचा मोह त्याला झाला तर नवल नाही.

४ ऑगस्ट १९५८ पासून बिलबोर्डने 'हॉट हंड्रेड' ही शंभर गाण्यांची यादी सुरू केली. तीत खपाबरोबर रेडिओवर गाणे किती वाजते हेही धरले जाऊ लागले. लगेच दुसरा उपद्रव पुढे आला. गाणी लावणाऱ्या निवेदकांच्या हाती तबकडी-कंपन्यांकडून पैसे पडत आहेत, असा बोभाटा झाला. १९५९-६० मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीने चौकशी केली, ॲलन फ्रीड यांच्यासारखा नामांकित निवेदक तीत अडकला, आणि असे पैसे घेतल्यास ते श्रोत्यांना सांगितलेच पाहिजे असा कायदा १९६० साली झाला. यातला धडा पुढेही उपयोगी पडेल. मोजणीत ज्या गोष्टीला वजन मिळते, ती गोष्ट विकत घेण्यास कोणी ना कोणी पुढे येतोच.

एक गाणे आणि गाण्यांचा संच

'अल्बम' हा शब्द आपण सहज वापरतो. त्याचा उगम पाहण्यासारखा आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूस तीन-चार मिनिटांचेच गाणे मावे. दीर्घ रचना ऐकावयाची तर चार-सहा तबकड्या लागत. त्या कागदी पिशव्यांत घालून फोटोंच्या वहीसारख्या बांधीत, म्हणून तो अल्बम. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला सव्वातेहतीस... नव्हे, तेहतीस आणि एक-तृतीयांश फेऱ्या घेणारी लाँग प्ले तबकडी काढली आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. वही गेली, नाव राहिले. १९५६ च्या मार्चपासून बिलबोर्ड अल्बमांची यादी दर आठवड्याला नियमाने छापू लागले, आणि पहिला मान हॅरी बेलाफाँटे यांना मिळाला.

अशा रीतीने दोन हिशेब निर्माण झाले. सुट्या गाण्याची तबकडी स्वस्त, अल्बम महाग. एकाच गायकाचे नाव दोन्ही याद्यांत असले तरी गिऱ्हाईक तेच असेल असे नाही. पण दोन्हींत एक गोष्ट समान होती. गल्ल्यावर पैसे पडले की मोजणी संपली. घरी नेलेली तबकडी तुम्ही हजार वेळा ऐकली काय किंवा कपाटात टाकून दिली काय, यादीला त्याचा पत्ता नसे.

१९९१ चा मे महिना

१९९१ पर्यंत बिलबोर्डची अल्बम-यादी मुख्यतः दुकानांच्या तोंडी आणि लेखी अहवालांवर चाले. माईक फाईन आणि माईक शॅलेट या दोघांनी 'साउंडस्कॅन' नावाची व्यवस्था उभारली. वस्तूवर छापलेल्या काळ्या रेघांचा बारकोड गल्ल्यावरचे यंत्र वाचते. त्याच नोंदी गोळा करावयाच्या, म्हणजे कोणाला विचारावयास नको. २५ मे १९९१ च्या यादीपासून बिलबोर्डने ही पद्धत स्वीकारली.

निकाल पाहून धंद्यातली माणसे चकित झाली. पूर्वी अल्बम खालून प्रवेश करी आणि एकेक पायरी चढे. थेट पहिल्या जागी उतरणे ही अपूर्वाई होती. १९७५ मध्ये एल्टन जॉन यांच्या अल्बमने ते प्रथम साधले होते. आता जूनमध्येच 'एन. डब्ल्यू. ए.' या कृष्णवर्णीय तरुणांच्या रॅप-मंडळाचा अल्बम एकदम दुसऱ्या जागी दिसला आणि पुढच्या आठवड्यात पहिला झाला. सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रुक्स यांचा 'रोपिन द विंड' हा अल्बम पहिल्याच आठवड्यात पहिला आला. ग्रामीण अमेरिकेत ज्याचा मोठा श्रोतृवर्ग आहे, त्या 'कंट्री' संगीताच्या वाट्याला असा मान पूर्वी कधी आला नव्हता.

हे श्रोते रातोरात जन्मास आले काय? मुळीच नाही. ते आधीही दुकानांत जात होते आणि पैसे मोजत होते. पण अहवाल देणाऱ्यांच्या मनात 'खपाऊ' संगीताचे एक चित्र होते आणि त्या चित्रात हे श्रोते बसत नव्हते. यंत्राला असे चित्र नसते. वर्षानुवर्षे जे कमी मोजले गेले, ते एका आठवड्यात पूर्ण मोजले गेले, इतकेच. मोजणी सुधारली की कोणाचा तरी हक्क परत मिळतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

एका नाताळगीताची गोष्ट

याच्या उलट बाजूचे उदाहरण मरायाह कॅरी या गायिकेच्या नाताळगीताचे आहे. 'ऑल आय वाँट फॉर ख्रिसमस इज यू' हे गाणे १९९४ साली निघाले आणि लोकांना ते आवडले. पण हॉट हंड्रेडचा त्या वेळचा नियम असा की, जे गाणे सुटे विकत मिळते तेच यादीत येऊ शकते. हे गाणे अमेरिकेत सुट्या रूपात विक्रीस ठेवलेले नव्हते. म्हणून ते कितीही वाजले तरी यादीत त्याला जागा नव्हती. त्या काळी कंपन्या अनेक लोकप्रिय गाणी मुद्दाम सुटी काढीत नसत, कारण एक गाणे हवे असलेल्या माणसाने सबंध अल्बम घ्यावा असा त्यांचा व्यवहार होता. रेडिओवर दिवसरात्र वाजणारे गाणे शंभरांच्या यादीत नाही, अशी विसंगती वाढत गेल्यावर १९९८ च्या डिसेंबरात बिलबोर्डने तो नियम काढून टाकला.

आता पुढची गोष्ट पाहा. ज्यांनी तो अल्बम घेतला ते दर डिसेंबरात तो कपाटातून काढीत, ऐकीत आणि परत ठेवीत. या ऐकण्याची नोंद कोठेच होत नव्हती. इंटरनेटवरून हवे ते गाणे हवे तेव्हा थेट ऐकण्याची सोय, जिला स्ट्रीमिंग म्हणतात, ती सर्वत्र पसरल्यावर प्रत्येक ऐकणे नोंदले जाऊ लागले. आणि २०१९ च्या डिसेंबरात, जन्मानंतर पंचवीस वर्षांनी, हे गाणे हॉट हंड्रेडमध्ये पहिले आले. गाण्यात एक सूरही बदलला नव्हता.

विकणे आणि ऐकणे यांचा विनिमय

येथे आपण विषयाच्या गाभ्याशी येतो. विक्री ही एकदाच होणारी कृती, श्रवण ही वारंवार होणारी. दोन्ही एकाच यादीत घ्यावयाची तर त्यांचा विनिमयदर ठरविला पाहिजे, जसा रुपयाचा आणि डॉलरचा ठरतो.

२०१४ च्या डिसेंबरात बिलबोर्डने अल्बम-यादीसाठी असा दर ठरविला: त्या अल्बममधील दहा गाणी सुटी विकली गेली तर एक अल्बम खपला असे समजावे, आणि त्यातील गाणी मिळून पंधराशे वेळा ऐकली गेली तरी एक अल्बम समजावा. पुढे २०१८ मध्ये त्यात भेद केला. वर्गणी भरून ऐकणाऱ्याची साडेबाराशे श्रवणे म्हणजे एक अल्बम. जाहिराती सोसून फुकट ऐकणाऱ्याची मात्र पावणेचार हजार. २०२६ च्या जानेवारीपासून हेच आकडे एक हजार आणि अडीच हजार असे झाले. इंग्लंडात सुट्या गाण्यांच्या यादीत २०१४ साली शंभर श्रवणांची एक विक्री धरीत. २०१७ मध्ये दीडशे झाली. २०१८ पासून वर्गणीदारांची शंभर आणि फुकट ऐकणाऱ्यांची सहाशे असा भेद तेथेही आला.

थोडे गणित करून पाहू. बारा गाण्यांचा अल्बम आहे आणि दर हजाराचा आहे. एका वर्गणीदाराने तो सबंध अल्बम त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी वेळा ऐकला, तेव्हा त्याचे वजन दुकानात एकदा प्रत घेणाऱ्याइतके झाले. फुकट ऐकणाऱ्याला त्यासाठी दोनशे आठ-नऊ पारायणे करावी लागतील. आता अल्बममध्ये बाराऐवजी चोवीस गाणी घाला. वर्गणीदाराची बेचाळीस पारायणे पुरेशी होतात. एका प्रतीची विक्री मात्र गाणी बारा असोत की चोवीस, एकच. तेव्हा ज्याचा श्रोतृवर्ग मुख्यतः मोबाईलवर ऐकतो, त्या गायकाला अल्बम लांबविण्यात लाभ आहे, हे सांगावयास ज्योतिषी नको.

दुसरी गोष्ट. वर्गणीदाराच्या कानाला अधिक वजन आणि फुकट ऐकणाऱ्याच्या कानाला कमी, हे कशासाठी? त्याची आवड कमी उत्कट असते म्हणून नव्हे; त्याच्यामुळे धंद्यात येणारा पैसा कमी असतो म्हणून. म्हणजे ही यादी आवडीबरोबर महसूलही मोजते. यावर भांडणही झाले. यूट्यूब ही मोठी सेवा बहुतांशी फुकट ऐकणाऱ्यांची. एका श्रोत्याचे मोल दुसऱ्यापेक्षा कमी का, असा तिचा आक्षेप होता, आणि १६ जानेवारी २०२६ नंतर आपले आकडे बिलबोर्डला देणार नाही असे तिने २०२५ च्या डिसेंबरात जाहीर केले. कोणाची बाजू खरी हे ठरविणे आमचे काम नाही. पण कोट्यवधी श्रवणे मोजणीत असावीत की नसावीत हे दोन कंपन्यांच्या वादावर अवलंबून राहू शकते, एवढे ध्यानात ठेवावे.

लंडनचा नियम आणि न्यूयॉर्कचा नियम

२०१७ च्या मार्चमध्ये एड शीरन या इंग्रज गायकाचा नवा अल्बम निघाला. लोकांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मोबाईलवर ऐकला. पूर्वी अशा ऐकण्याचा सुट्या गाण्यांच्या यादीशी काही संबंध नसे. आता प्रत्येक गाण्याच्या खात्यावर वेगळी श्रवणे जमा झाली, आणि इंग्लंडच्या पहिल्या दहांत त्यांची नऊ, तर पहिल्या विसांत सोळा गाणी आली! इतरांना उभे राहावयास जागा उरली नाही. त्या वर्षीच्या जुलैत तेथे नियम झाला की, एका मुख्य गायकाची एका वेळी तीनच गाणी यादीत घ्यावीत. आणि जे गाणे बरेच आठवडे यादीत राहून उतरणीस लागले आहे त्याच्या श्रवणांचे वजन निम्म्यावर आणावे, म्हणजे नव्यांना वाट मिळेल.

अमेरिकेने तीन गाण्यांचे बंधन घातले नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात टेलर स्विफ्ट या गायिकेचा 'मिडनाइट्स' अल्बम निघाला, तेव्हा हॉट हंड्रेडमधल्या पहिल्या दहाही जागा तिच्याच गाण्यांनी भरल्या. श्रोते दोन्ही देशांत सारखेच वागले. पण लंडनला त्या वागण्याच्या तीन जागा होतात आणि न्यूयॉर्कला दहा. यांपैकी लोकांची खरी आवड कोणती, असे कोणी विचारले तर उत्तर देणे कठीण आहे.

मापात पाप

माप आहे तेथे मापात पाप होण्याची भीतीही आहे. २०११ साली लेडी गागा या गायिकेचा नवा अल्बम ॲमेझॉनने अवघ्या ९९ सेंटांना विकला. पहिल्या आठवड्यात ११ लाखांवर प्रती खपल्या, त्यांतला मोठा भाग या स्वस्ताईचा. मग बिलबोर्डने नियम केला की, नवा अल्बम पहिल्या चार आठवड्यांत ३ डॉलर ४९ सेंटांहून कमी किमतीस विकला तर ती प्रत धरावयाची नाही. २०१३ मध्ये सॅमसंग कंपनीने जे-झी या गायकाच्या अल्बमच्या दहा लाख प्रती आधीच विकत घेऊन आपल्या फोनधारकांना फुकट वाटल्या. बिलबोर्डने त्या मोजल्या नाहीत. पण अमेरिकेतील ध्वनिमुद्रण-व्यावसायिकांच्या संघटनेने आपला नियम बदलून दहा लाखांचा 'प्लॅटिनम' सन्मान मात्र देऊन टाकला. एकच घटना एका वहीत विक्री आणि दुसऱ्या वहीत नाही!

पुढे सदऱ्याबरोबर किंवा मैफलीच्या तिकिटाबरोबर अल्बमची प्रत जोडून देण्याची चाल पडली. गिऱ्हाईक सदरा घेई, यादीत अल्बम चढे. त्यावरून गायकांत उघड भांडणे झाली, आणि २०२० च्या ऑक्टोबरपासून अशा आपोआप येणाऱ्या प्रती बाद करण्यात आल्या. अलीकडे एकाच अल्बमच्या निरनिराळ्या मुखपृष्ठांच्या आणि रंगांच्या अनेक आवृत्त्या निघतात, आणि निष्ठावान चाहते त्या साऱ्या घेतात. २०२५ च्या ऑक्टोबरात टेलर स्विफ्ट यांच्या अल्बमने एका आठवड्यात ४० लाखांवर एककांचा विक्रम केला. त्यांत ३४ लाखांहून अधिक प्रत्यक्ष विक्री होती. हा विक्रम नियमांत राहूनच झाला, यात शंका नाही. परंतु ३४ लाख प्रती म्हणजे ३४ लाख श्रोते, असा हिशेब मात्र करता येत नाही. मतदानात एका माणसाला एक मत असते. येथे ज्याची ऐपत आणि भक्ती मोठी, त्याची मते जास्त.

आपला संबंध काय?

हे सारे दूरदेशीचे आहे, आपणांस त्याचे काय, असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो पोटाशी निगडित आहे. स्पॉटिफाय या सेवेवर गाणे निदान तीस सेकंद वाजले की एक श्रवण नोंदले जाते. तीस सेकंदांनंतर दोन मिनिटे ऐका की चाळीस मिनिटे ऐका, नोंद एकच. आता आपला अतिविलंबित ख्याल घ्या. एकतालाचे एक आवर्तन पुरे व्हावयास मिनिटभर लागते; म्हणजे तीस सेकंदांत गायक समेवरही आलेला नसतो. चाळीस मिनिटे राग मांडणाऱ्याच्या खात्यावर एक श्रवण, आणि त्याच चाळीस मिनिटांत अडीच-अडीच मिनिटांची सोळा गाणी ऐकविणाऱ्याच्या खात्यावर सोळा. हे माप तीन मिनिटांच्या गाण्याच्या देशात तयार झाले आहे. ते आपल्या मैफलीला लावले की मैफल हलकी भरते.

शिवाय २०२४ पासून त्या सेवेने असा नियम केला आहे की, ज्या ध्वनिमुद्रणाला मागील बारा महिन्यांत एक हजार श्रवणे मिळाली नाहीत, त्याला मानधन नाही. तालुक्याच्या गावी पदरमोड करून अभंग किंवा भारूड मुद्रित करणाऱ्या गायकाचे नऊशे श्रोते अशाने हिशेबातून गळतात. जागतिक क्रमवारीत तो कधी नव्हताच. आता वहीतूनही गेला.

म्हणून क्रमवाऱ्या खोट्या आहेत, त्या पाहू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. १९९१ मध्ये चांगल्या मोजणीनेच उपेक्षित श्रोत्यांना न्याय दिला, हे आम्ही वर सांगितलेच आहे. आमची विनंती इतकीच की, 'पहिला क्रमांक' हे शब्द कानी पडले म्हणजे चार प्रश्न मनात यावेत. मोजले काय, विक्री की श्रवण? कोणत्या दराने? किती मुदतीत? आणि मोजणाऱ्याचा धंदा कोणता? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर तो क्रमांक खुशाल मानावा.

आणि एक हिशेब आपल्याच हाती आहे. ज्या गायकाचे गाणे आपल्याला आयुष्यभर साथ देते, त्याच्या मैफलीचे तिकीट काढावे, त्याची ध्वनिमुद्रिका मिळत असेल तर विकत घ्यावी, शेजाऱ्याला ऐकवावी. बुधवारच्या रात्री रेडिओभोवती बसून आम्ही ज्या गाण्यांसाठी भांडलो, त्यांतली पुष्कळशी पायऱ्यांवरून केव्हाच उतरली. तरी आजही घरात कोणी ती गुणगुणू लागले की बाकीचे सूर धरतात. ही नोंद कोणत्याही वहीत होत नाही, आणि तिच्यावर कोणाची वर्गणीही लागत नाही.